हबशी, नीग्रो आणि कारळे : मराठीतल्या आफ्रिकेची तीन दप्तरे

मराठी वाचकाला आफ्रिका ठाऊक नाही असे कोणी म्हटले, की मला ते पटत नाही. ठाऊक आहे, पण ती तीन वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेली आहे आणि तिन्ही कपाटांच्या किल्ल्या तीन वेगळ्या माणसांकडे आहेत. दलित साहित्याच्या अभ्यासकाला अमेरिकेतला कृष्णवर्णीय ठाऊक असतो. इतिहास संशोधकाला हबशी ठाऊक असतो. आणि शेतकऱ्याला आफ्रिकेतून आलेली पिके ठाऊक असतात, फक्त ती तिकडून आली हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गेली वीस-बावीस वर्षे हिंगोलीत बसून मी आफ्रिकेचा इतिहास आणि संस्कृती यांवरचे जे मिळेल ते जमवतो आहे : पुस्तके, कात्रणे, जुन्या अंकांतले लेख, कागदांच्या छायाप्रती. हिंगोलीत बसून आफ्रिका कशाला, असे बरेच जण विचारतात. या लेखात त्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर येईल. मुख्य विषय मात्र माझा संग्रह नाही. मराठीने ही सामग्री कशी जमवली, कोणत्या मथळ्याखाली लावली आणि त्या लावण्यामुळे आपल्याला काय दिसले नाही, हा विषय आहे.

पहिले दप्तर अमेरिकेच्या वाटेने आले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसलेल्या माणसाने शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला नाव शोधताना समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाकडे पाहिले, ही मराठी विचाराच्या इतिहासातली फार मोठी झेप होती. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डुबॉइस यांनी उत्तरही पाठवले. मग म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा सुरू झाली. ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकाने त्या वातावरणाला घर दिले. १९७२ साली दलित पँथर निघाली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची आठवण करून देणारे होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. जनार्दन वाघमारे यांचे ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ आले. हेच वाघमारे सर पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि आमचा जिल्हा त्याच विद्यापीठात मोडतो. म्हणजे आफ्रिकी वंशाच्या माणसांविषयी मराठीत जे गंभीर वाचन झाले, त्याचा मोठा वाटा मराठवाड्याचा आहे. पुण्या-मुंबईच्या चर्चांत हे फारसे ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

या परंपरेचे ऋण मानूनही एक आक्षेप घेतला पाहिजे. तिला माणूस हवा होता, खंड नको होता. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात आणि हार्लेमच्या गल्लीत उभा असलेला माणूस तिने जवळ केला. त्याच्या मागची आफ्रिका मात्र हरवलेल्या माहेरासारखी राहिली. तिची आठवण काढायची, तिथे जायचे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिलिंद महाविद्यालय ज्या शहरात आहे, ते शहरच एका आफ्रिकी माणसाने वसवले होते. १६१० साली खडकी गावाची राजधानी करणारा आणि तिथे नहर खेळवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. ज्या शहरात काळ्या माणसाच्या कवितेवर चर्चासत्रे झाली, त्या शहराने चारशे वर्षांच्या उन्हात उभा असलेला आपला स्वतःचा काळा माणूस त्या चर्चेत आणला नाही. तो दुसऱ्या कपाटात होता.

त्या दुसऱ्या कपाटाची किल्ली इतिहास संशोधकांकडे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि त्याच्या मराठी भाषांतरावर कित्येक पिढ्या शिकल्या. त्यात मलिक अंबरच्या जमीनमहसुलाची वाखाणणी आहे आणि तेव्हापासून मराठीत तो ‘मलिकंबरी धाऱ्या’चा कर्ता म्हणून स्थिर झाला. राजवाडे, पारसनीस, सरदेसाई, भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी जमवलेल्या कागदांत हबशी पानोपानी आहेत. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठी कागद ‘हबसाण’ म्हणतात. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ खंडशः छापले. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधने मराठीत आणण्यात आयुष्य घालवले आणि वर गोंडी-कोलामीचाही अभ्यास केला. सामग्रीची उणीव आहे असे म्हणायला तोंड नाही. मथळ्याची उणीव आहे. ही सगळी सामग्री ‘निजामशाही’, ‘जंजिरा मोहीम’, ‘महसूल’ अशा मथळ्यांखाली लागली. ‘आफ्रिका’ असा मथळा कोणी घातला नाही.

त्याचा परिणाम काय होतो ते दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहावे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त मलिक अंबर येतो तो सूर्यासारखा तेजस्वी म्हणून. त्याच्याभोवती शहाजीराजे आणि इतर वीर जमतात ते तारकासुराच्या युद्धात कार्तिकेयाभोवती देव जमावेत तसे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले ते अंबरच्याच बाजूने लढताना. त्यामुळे भोसल्यांच्या घरचा कवी त्याला सूर्य म्हणतो यात नवल नाही. आता सभासदाची बखर घ्या. ती ‘शिवभारता’नंतर पाव शतकाच्या आतबाहेरची. तिथे राजपुरीचा सिद्दी येतो तो घरातला उंदीर म्हणून. दोघेही हबशी. दोघांची मुळे एकाच समुद्रापलीकडची, एकाच व्यापाराच्या वाटेने इकडे आलेली. एकाला सूर्य आणि दुसऱ्याला उंदीर मिळाला. फरक फक्त ते कोणत्या बाजूला उभे होते एवढाच.

जुन्या ग्रंथकारांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा प्रश्न राज्याचा होता. आपल्या काळातल्या अभ्यासकांनी तोच प्रश्न जसाच्या तसा पुढे चालवला, हे खटकते. मलिक अंबरवरचा सरासरी मराठी लेख आजही ‘गनिमी काव्याचा जनक’ या पदवीने सुरू होतो आणि शहाजीराजांपाशी येऊन संपतो. हा गौरव दिसायला मोठा, पण त्यात माणूस लहान होतो. तो मराठ्यांच्या इतिहासाची प्रस्तावना होऊन बसतो, आणि प्रस्तावना वाचून झाली की पान उलटतात. त्याच्यावर एका ग्रंथाएवढा विचार करणाऱ्यांची यादी पाहिली तर जोगींद्रनाथ चौधुरी बंगाली, राधेश्याम हिंदी मुलखातले, तामसकर हे आडनाव आपले पण त्यांचा १९७८ चा ग्रंथ इंग्रजी. पुढे रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासासाठी आठ माणसे निवडली, त्यात अंबरला जागा दिली आणि त्याच्याकडे पहिल्यांदा नीट हबशी म्हणून, म्हणजे समुद्रापलीकडून उखडून आणलेला माणूस म्हणून, पाहिले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्राने ‘भारतातले आफ्रिकी’ या विषयावर प्रदर्शन भरवले. शोंबर्ग केंद्र हार्लेममध्ये आहे. आमच्या पहिल्या कपाटातल्या लोकांनी ज्या हार्लेमची स्वप्ने पाहिली, त्या हार्लेमने आमचे दुसरे कपाट उघडले.

दोन्ही दप्तरे एकत्र वाचली तर काय हाती लागते? माझ्या मते सर्वांत आधी नावे हाती लागतात.

सिद्दी जोहर मराठी मुलाला चौथीपासून ठाऊक असतो. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा त्याचाच. याकूत खान, सिद्दी संबल ही जंजिऱ्याची नावे. आणि अंबर. जोहर म्हणजे रत्न. याकूत म्हणजे माणिक. संबल हे सुंबुलचे रूप, म्हणजे जटामांसीसारखी सुगंधी वनस्पती. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे महागडे सुगंधी द्रव्य. ही माणसांची नावे आईबापांनी ठेवलेली नाहीत. बंदरावरच्या मालाच्या यादीतून उचललेली आहेत. विकत घेतलेल्या माणसाला विकत घेण्याजोग्या वस्तूचे नाव द्यायचे, असा तो रिवाज होता. अंबरचे मूळ नाव चापू होते असे सांगतात. चापूला मोख्याच्या बाजारात विकले, बगदादला नेले, मालक बदलले, धर्म बदलला, नाव बदलले आणि शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला घेतले. हा चंगेझखान स्वतःही हबशीच.

मॅल्कम एक्सने आपल्या नावापुढे ‘एक्स’ का लावला हे दलित पँथरच्या पिढीतल्या कोणाही वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मालकाने दिलेले आडनाव टाकायचे, आणि मूळचे ठाऊक नाही म्हणून तिथे फुली मारायची. त्याच वाचकाला अंबर या नावात तीच फुली दिसायला हवी होती. ती दिसली नाही, कारण अंबर ‘इतिहास’ या कपाटात होता आणि मॅल्कम ‘साहित्य’ या कपाटात. आणि हा प्रश्न केवळ परदेशी नाही. मराठवाड्यातले जुने वतनी कागद चाळताना गावकामगारांच्या याद्या पाहाव्यात. पाटील-कुलकर्ण्यांची नावे पूर्ण, वडिलांच्या नावासह, मानाच्या प्रत्ययासह. खालच्या ओळींत धोंड्या, राघ्या, येश्या. नाव कोण ठेवतो आणि कागदावर कोण उतरवतो, हा प्रश्न मोख्याच्या बाजारात आणि आमच्या चावडीत वेगळा नव्हता.

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेतल्या मळ्यावरच्या गुलामीचे माप दख्खनला लावले तर अंबर समजत नाही. इथली गुलामी बहुतांशी लष्करी आणि घरगुती होती. मालकाच्या मर्जीतला गुलाम घोडदळाचा नायक होऊ शके, मोकळा होऊ शके, लग्नसंबंधांतून घराण्यांत शिरू शके. अंबर चंगेझखानाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला, विजापुरात चाकरी करून आला, हबशी सरदार अभंगखानाच्या हाताखाली दीडशे स्वारांचा नायक झाला, आणि १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर दुसऱ्या मुर्तझाला परांड्यात गादीवर बसवून त्याने राज्य उभे ठेवले. पण ही मुक्तीची कथा नव्हे. ज्या व्यवस्थेने चापूचा अंबर केला, तीच व्यवस्था अंबरने चालवली. त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. फुल्यांच्या अर्थाने तो गुलामगिरीचा शत्रू नव्हता. त्याला शूद्रातिशूद्रांचा नायक करून मिरवणाऱ्या अलीकडच्या लेखांतून हा भाग गाळला जातो, तसाच त्याला केवळ परकी मुसलमान सरदार ठरवणाऱ्या लेखांतून त्याचे विकले जाणे गाळले जाते. दोन्हीकडे गाळलेली जागा एकच आहे : बाजार.

जहांगिराला हे बरोबर ठाऊक होते. अबुल हसनने काढलेल्या एका चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ साली ऐंशीच्या घरात, अंथरुणावर मेला आणि खुलताबादेत पुरला गेला. चित्रात रंगाचा तिरस्कार आहे, आणि हाती न लागलेल्या शत्रूची चीडही आहे. गंमत अशी की अंबर गेल्यावर मुतमदखानाने, म्हणजे त्याच दरबाराच्या इतिहासकाराने, युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती अशी कबुली दिली. रंगाचा प्रश्न मध्ययुगीन भारतात नव्हता, तो गोऱ्यांनी आणला, असे सहज बोलले जाते. हे चित्र पाहिलेल्या माणसाने तसे बोलू नये.

आता हिंगोलीकडे येतो. अकबराच्या काळात आमचा वसमतचा मुलूख वऱ्हाड सुभ्यातल्या पाथरी सरकारात मोडत होता. वऱ्हाड निजामशाहीने १५९६ मध्येच मोगलांना दिलेले, त्यामुळे हा पट्टा दोन्ही फौजांच्या येण्याजाण्याखाली सतत तुडवला गेला. १६०२ साली नांदेडजवळ अंबरची गाठ खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा इरज याच्याशी पडली. अंबर हरला, जखमी होऊन रणात पडला, आणि त्याच्या हबशी साथीदारांनी त्याला उचलून बाहेर काढले. ते जर कमी पडले असते तर खडकी नाही, नहर नाही, भातवडी नाही. वसमतहून नांदेड तासाभराची वाट. या लढाईचा उल्लेख आमच्याकडच्या एकाही स्थानिक इतिहासाच्या व्याख्यानात मी ऐकला नाही. हिंगोलीचा इतिहास म्हणून आम्ही नर्सीचे नामदेव सांगतो, औंढ्याचा नागनाथ सांगतो, हैदराबाद कंटिन्जंटची छावणी सांगतो. सगळे रास्त. पण मोगल-निजामशाहीच्या सीमेवरचा हा मुलूख म्हणून सांगताना आमची जीभ अडखळते.

कागदांची गतही सांगितली पाहिजे. वसमत, कळमनुरी या भागातल्या जुन्या घरांत रुमाल अजून आहेत. मी पाहिले त्यांतले बहुतेक निजामी काळातले, इनाम-वतनाचे, मोडी आणि फार्सी दोन्ही लिप्यांतले. अंबरच्या काळचा एकही नव्हता आणि तसा दावा कोणी केला तर आधी शिक्का तपासावा. वाचणारा नसल्याने हे कागद घर पाडताना रद्दीत जातात. मोडी शिकवणारे वर्ग अधूनमधून भरतात, फार्सीचे भरत नाहीत. उर्दू चांगली जाणणारी माणसे वसमतच्या मोहल्ल्यांत आहेत. तिथून फार्सीपर्यंतची मजल फार लांबची नाही. तरी हा अभ्यास आपला आहे असे त्यांनाही कोणी सांगितले नाही. मलिक अंबरवरचा मराठी ग्रंथ लिहायचा तर लेखकाला मोडी, फार्सी आणि इथिओपियाचा इतिहास या तिन्हींची ओळख लागेल. पहिल्या दोन गोष्टी एकेकाळी मराठवाड्यात घरोघर होत्या.

तिसरे दप्तर राहिले. ते कागदाचे नाही.

आमच्या जिल्ह्यात आता सोयाबीन आणि हळदीचे राज्य आहे. वसमतची हळद राज्यभर जाते. पण चाळीस वर्षांमागे इथले ताट ज्वारीचे होते. ज्वारी मूळची पूर्व सुदानच्या पट्ट्यातली. पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर तिचे ठसे तिथे मिळाले आहेत. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडची. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरातली. चवळीही तिकडचीच. मलिक अंबर यायच्या कित्येक शतके आधी ही पिके दख्खनात रुजली होती. त्यामुळे त्यांना ‘आफ्रिकी’ म्हणणे काहींना ओढूनताणून वाटेल, आणि ज्वारीच्या बाबतीत ते मला थोडे मान्यही आहे. इतक्या वर्षांनी ती आमचीच.

कारळ्याची गोष्ट मात्र निराळी. कारळ्याची चटणी हा मराठवाड्याच्या घराचा स्वभाव आहे. वनस्पतिशास्त्रात या पिकाचे नाव ग्विझोशिया अ‍ॅबिसिनिका. अ‍ॅबिसिनिया म्हणजे हबशांचा देश, म्हणजे इथिओपिया. त्याचे शास्त्रीय आडनावच ‘हबशी’ आहे. पश्चिम महाराष्ट्रात याला खुरासणी म्हणतात. खुरासान इराणात. म्हणजे लोकांनी हे बी बाहेरून आले एवढे बरोबर ओळखले, पण पत्ता चुकीचा लिहिला. मुसलमानी अमलात बाहेरून आलेले जे जे, ते सगळे इराण-तुराणातून आले, अशी आपली एक सवय आहे. तीच सवय हबशालाही नडली. तो ‘मुसलमान’ म्हणून नोंदला गेला, आणि मग त्याच्या मागची आफ्रिका विचारायची गरज उरली नाही.

मराठवाड्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांत सुदान-इथिओपियाची मुले असतात. त्यांतला एक इथिओपियाचा विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडचे कात्रणसंग्रह पाहायला हिंगोलीला आला होता. त्याला मलिक अंबरविषयी विचारायचे माझ्या मनात बरेच होते. त्याला अंबरविषयी मोजकेच ठाऊक होते, आणि का असू नये, आम्हाला तरी कुठे आहे. दुपारी जेवायला बसलो. त्याने चटणी चाखली, बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाला, ‘नुग!’ त्यांच्याकडे या बियांना नुग म्हणतात, तेल काढतात, उपासाच्या दिवसांत त्याचे पेय करतात. माझी बायको म्हणाली, ‘घ्या बाई, पोराला आपली चटणी ओळखीची निघाली.’ जाताना त्याने बाजारातून अर्धा किलो कारळे घेतले. त्या पुडीवरची दुकानदाराची चिठ्ठी मी मागून घेतली आणि ती ‘शिवभारता’वरच्या टिपणांच्या फायलीत लावली, ‘देश’ या रकान्यात आधीच्या नोंदीसमोर इथिओपिया लिहिलेले होते, खाली तेच पुन्हा लिहिले.